कामावर रुजू होण्याआधी बाळाला वरच्या दुधाची सवय कशी लावायची

प्रसूती रजा २६ आठवड्यांची असते, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. पण यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात आणि बऱ्याच जणी त्यातले तीन-चार घेतातच. म्हणजे तुम्ही कामावर रुजू व्हाल तेव्हा बाळ सहा महिन्यांचं झालेलं नसतं. ते पाच महिन्यांचं असतं, आणि आधीचे आठही आठवडे घेतले असतील तर जेमतेम चार महिन्यांचं. कंत्राटी नोकरीत, दुकानात किंवा स्वतःच्या छोट्या व्यवसायात असलेल्या कित्येक जणींना तर दोन-अडीच महिन्यांतच उभं राहावं लागतं. नाचणीची पेज, वरणभात अजून सुरू झालेलं नसतं. दिवसभर बाळाचं पोट फक्त दुधावर आणि आई दिवसभर बाहेर. या लेखात आहे ते या मधल्या काळासाठी.

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे वरच्या आहारासोबत दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही पुढे अंगावर पाजणं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. मलाही तो मनापासून पटतो. म्हणूनच सुरुवातीला एक गोष्ट ठासून सांगते: कामावर जायचं म्हणून अंगावरचं पूर्ण तोडायची गरज नसते. तुम्ही घरात नसाल तेवढ्याच वेळचं दूध बदलायचं. घरी आणि शेजारीपाजारी सगळे 'आता तोडूनच टाक, नाहीतर बाळ बाटली घेणार नाही' म्हणतात, त्यावरून घाईने निर्णय घेऊ नका. सकाळी निघताना, संध्याकाळी आल्यावर आणि रात्री असं अंगावर पाजत राहिलेल्या कितीतरी जणी मी पाहिल्यात. बाळं दोन्ही छान घेतात.

आधी घड्याळ, मग डबा

कागद घ्या आणि सलग तीन-चार दिवस बाळ कधी कधी पितं ते लिहा. त्याशेजारी तुमची कामाची वेळ लिहा, प्रवास धरून. डोंबिवलीहून फोर्टला जाणारी बाई सव्वाआठला घर सोडते आणि संध्याकाळी साडेसातला परत येते. हे झाले सव्वाअकरा तास. दर तीन तासांनी पिणाऱ्या बाळाची या वेळात तीन दुधं येतात, कधी चार. नाशिकमध्ये घरापासून दहा मिनिटांवर ऑफिस असलेली आणि जेवायला घरी येऊ शकणारी बाई मात्र एक-दोन दुधं बदलून भागवू शकते. दोघींचं वेळापत्रक सारखं असूच शकत नाही.

हे करतानाच ऑफिसात दोन गोष्टी लेखी विचारून घ्या. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय असायला हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं. शिवाय बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीखेरीज पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सवड मिळण्याचा हक्क आहे. पाळणाघर नसेल तर ही सवड दूध काढण्यासाठी मागा. एक वेळचं दूध जरी काढून ठेवता आलं, तरी वरचं दूध तेवढं कमी लागतं. काढलेलं दूध साधारण २५ अंशांच्या खोलीत चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. एप्रिल-मेमधल्या आपल्या उन्हाळ्यात खोलीच्या तापमानावर भिस्त ठेवू नका, काढल्याबरोबर फ्रिजमध्ये टाका.

कधी सुरू करायचं

रुजू व्हायच्या पाच-सहा आठवडे आधी. एका वेळचं दूध बदलायचं, पाच-सहा दिवस तसंच राहू द्यायचं, मग दुसरं. तीन दुधं बदलायला तीन आठवडे लागतात. उरलेले दोन-तीन आठवडे मुद्दाम मोकळे ठेवायचे, कारण मध्येच सर्दी होते, लसीचा ताप येतो, पाहुणे येतात, आणि अशा दिवसांत नवीन काही सुरू करायचं नसतं. बाळ आजारी असेल तर आहे तिथेच थांबा. मागेल तितकं अंगावर पाजा आणि बरं झाल्यावर पुढे चला.

पहिल्यांदा दुपारचं दूध बदला. त्या वेळी छाती तुलनेने हलकी असते आणि बाळही शांत असतं. मग सकाळी अकराच्या आसपासचं, मग संध्याकाळचं. पहाटेचं आणि रात्रीचं शेवटपर्यंत तसंच ठेवा. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, त्यामुळे रात्रीचं पाजणं चालू राहिलं तर दिवसा कमी पाजूनही दूध टिकून राहतं.

शेवटच्या आठवड्यात सुरू करणाऱ्यांची फार ओढाताण होते. एका दमात तीन-चार वेळचं पाजणं थांबलं की छाती दगडासारखी होते, बाळ रडून लाल होतं आणि घरात प्रत्येक जण वेगळा सल्ला देतो.

काय आणायचं

बालरोगतज्ज्ञांना विचारून सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठीचा, म्हणजे 'स्टेज १' लिहिलेला पावडरच्या दुधाचा (फॉर्म्युलाचा) डबा आणा. आयएसआय चिन्ह आणि मुदत पाहून घ्या. भारतात १९९२ च्या कायद्यानुसार अशा दुधाची आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला, आईला फुकट नमुने द्यायला आणि डब्यावर बाळाचं चित्र छापायला बंदी आहे. कुणी 'मॅडम, हे सॅम्पल घ्या' म्हणालं तर घेऊ नका. महाग डबा म्हणजे चांगला डबा, असंही नसतं. मानकात बसणाऱ्या प्रत्येक स्टेज १ दुधात गरजेची पोषणद्रव्यं असावीच लागतात. एक निवडा आणि काही त्रास नसेल तर उगाच बदलत बसू नका.

खर्चाचा अंदाज आधीच घ्या. ४०० ग्रॅमच्या डब्यातून साधारण तीन लिटर दूध तयार होतं. बाळ दिवसाला ४०० मिली वरचं दूध घेत असेल तर डबा आठवडाभर जातो, म्हणजे महिन्याला चार डबे. पूर्णपणे वरच्या दुधावर असलेल्या बाळाला याच्या दुप्पट लागतात. पैसे पुरावेत म्हणून पुढे पावडर कमी घातली जाते, असं बऱ्याच घरांत होतं. ते होऊ नये म्हणून हा हिशेब आधी करायचा.

गाईचं किंवा म्हशीचं दूध वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून द्यायचं नाही. त्यात लोह फार कमी असतं आणि प्रथिनं नि क्षार इतके जास्त की बाळाच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. काही बाळांच्या आतड्यातून नकळत रक्तही जातं. पाणी घालून पातळ केलं की क्षार कमी होतात खरे, पण ताकदही जाते. 'आम्ही तुम्हाला गाईच्या दुधावरच वाढवलं' असं आजी म्हणतील. तेव्हा दुसरा पर्याय त्यांच्या हाताशी नव्हता. वाद न घालता त्यांना पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे सोबत न्या. बाळाजवळ दिवसभर त्याच राहणार असतील तर ते सगळं त्यांनी थेट ऐकलेलं बरं.

बाटली की वाटी-चमचा? आपले बरेच बालरोगतज्ज्ञ वाटी-चमचा सुचवतात, कारण निपलच्या खाचेत दूध अडकतं आणि तिथेच जंतू वाढतात. घरात चांदीचं बोंडलं असेल तर तेही चालतं, फक्त त्याची चोच आतून स्वच्छ होते ना ते बघा. दोन-तीन मुलं एकट्याने सांभाळणाऱ्या पाळणाघराच्या काकूंना मात्र प्रत्येक दूध चमच्याने पाजणं जमेलच असं नाही. बाटलीच घ्यायची ठरली तर रुंद तोंडाच्या तीन बाटल्या, सगळ्यात कमी धारेची निपल्स आणि एक बाटलीचा ब्रश घ्या. एवढं पुरतं.

दूध बनवणं

इथे जरा सावकाश जाऊया. वरच्या दुधाने बाळाला जो त्रास होतो, तो बहुतेकदा दोन कारणांनी होतो: अस्वच्छता आणि चुकलेलं माप.

पावडर निर्जंतुक नसते. डबा सीलबंद असला तरी तिच्यात जंतू असू शकतात. हात साबणाने धुवा. बाटली, निपल, झाकण वेगवेगळं करून ब्रशने घासा आणि फक्त याच कामासाठी ठेवलेल्या पातेल्यात, सगळं पाण्याखाली बुडेल असं ठेवून, दहा मिनिटं उकळा. पाणी फिल्टरचं असो वा आरओचं, खळखळून उकळायचंच. गॅस बंद केल्यावर अर्ध्या तासाच्या आत ते वापरा, म्हणजे ते निदान ७० अंश गरम असतं आणि पावडरीतले जंतू मारतं. काही डब्यांवर कोमट पाणी लिहिलेलं असतं. तुमच्या डब्यावर तसं असेल तर डॉक्टरांना विचारा. बाळ दोन महिन्यांच्या आतलं किंवा कमी दिवसांचं असेल तर नक्कीच.

बाटलीत आधी पाणी, मग पावडर. उलट केलं तर पाण्याचं माप चुकतं. आपल्याकडच्या बऱ्याच डब्यांत ३० मिली पाण्याला एक चमचा असं प्रमाण असतं, पण तुमच्या डब्यावर लिहिलंय तेच खरं, आणि चमचाही त्याच डब्यातला. चमचा भरून घ्या, दाबू नका, स्वच्छ सुरीच्या पाठीने वरचा ढीग सपाट करा. शिगोशीग चमचा घातला की दूध घट्ट होतं, बाळाला तहान लागते, पोट बांधतं. पावडर कमी पडली तर पोट भरतं, पण वजन वाढत नाही. 'अजून पचत नसेल, पातळ करून देऊ' हा विचार मायेपोटीच येतो, पण तो बाळाला उपाशी ठेवतो. साखर, मध, रवा, बिस्किटाचा चुरा यातलं काहीच घालायचं नाही. मध तर वर्षाच्या आत कशातच नको.

झाकण लावून बाटली हलकेच फिरवा, मग थंड पाण्याच्या भांड्यात किंवा नळाखाली धरा. मनगटाच्या आतल्या बाजूला दोन थेंब टाकून पाहा. ना गरम ना गार लागले की झालं. मायक्रोवेव्ह नको, त्यात मधलाच भाग उकळता राहतो. बनवलेलं दूध दोन तासांत संपवा. बाळाने तोंड लावलेल्या बाटलीत उरलेलं दूध टाकूनच द्या. जीव तुटतो, पण पुन्हा गरम करून ठेवू नका.

पाळणाघरात तयार दूध पाठवण्यापेक्षा उकळतं पाणी काठोकाठ भरलेला चांगला थर्मास आणि मोजून कोरड्या डबीत घातलेली पावडर द्या. प्रत्येक वेळी ताजं बनेल. पूर्ण भरलेल्या थर्मासातलं पाणी काही तास पुरेसं गरम राहतं. अर्धा भरलेला लवकर निवतो.

पहिली बाटली

पहिली बाटली आईने देऊ नये. बाळाला आईचा वास येतो आणि हक्काचं दूध समोर असताना ते रबर कशाला चोखेल? बाबा, आजी, आत्या, जे कुणी पुढे सांभाळणार असेल त्यांनी द्यावी. आईने दुसऱ्या खोलीत जावं, जमलं तर खाली एक चक्कर मारून यावं.

बाळ भुकेने कळवळायच्या आधी द्या. पहिल्या वेळी ६० मिलीच बनवा. बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं धरा आणि बाटली आडवी, म्हणजे निपल जेमतेम दुधाने भरेल अशी. निपलने ओठांना स्पर्श करा, तोंड उघडलं की आत जाऊ द्या, कोंबू नका. चार-पाच घोट झाले की बाटली खाली करून थांबा. अंगावर पिताना पान्हा येतो, ओसरतो, पुन्हा येतो. बाळाला तो ताल ठाऊक असतो. उलट्या धरलेल्या बाटलीतून धबधबा आला की ते घाबरतं किंवा गटागट पिऊन ओकतं, आणि पुढे अंगावरचा सावकाश पान्हा त्याला नकोसा होतो. अर्ध्यावर आणि शेवटी ढेकर काढा. बाळाने तोंड फिरवलं की संपलं. बाटली रिकामी करणं हे ध्येय नाही. उशीला बाटली टेकवून बाळाला एकटं कधीही सोडू नका.

नाही घेतलं तर? पुष्कळ बाळं पहिले काही दिवस नाहीच घेत. दहा मिनिटं प्रयत्न करा, रडायला लागलं की थांबा, खेळवा, थोड्या वेळाने आईने पाजावं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. दूध किंचित जास्त कोमट करून पाहा, निपल गरम पाण्यात बुडवून द्या, उभ्याने फिरत द्या, आईचा वापरलेला दुपट्टा जवळ ठेवा. बाटलीत आधी आईचं काढलेलं दूध देऊन मग पावडरीच्या दुधाकडे वळलात तर बाळाला एका वेळी एकच नवी गोष्ट शिकावी लागते. तरीही नाहीच जमलं तर वाटी-चमचा. 'उपाशी ठेवलं की घेईल आपोआप' हा उपाय करू नका. भुकेलेलं, चिडलेलं बाळ काही शिकत नाही.

किती द्यायचं? दोन ते सहा महिन्यांच्या, पूर्णपणे वरच्या दुधावर असलेल्या बाळाला दिवसाला दर किलोमागे साधारण १५० मिली लागतं. सहा किलोच्या बाळाला दिवसभरात ९०० मिली, सात वेळांत वाटलं तर एका वेळेला १२०-१३० मिली. हा फक्त अंदाज. दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले होणं आणि वजन वाढत राहणं, हीच खरी खूण.

आईच्या छातीकडे लक्ष

एक दूध बंद केलं की त्या वेळी छाती भरून येणारच. दोन-चार दिवसांत शरीर समजून घेतं. फार ताण आला तर हाताने थोडंसं, बरं वाटेल इतकंच काढा. पूर्ण रिकामी केलीत तर शरीर तितकंच दूध पुन्हा बनवतं. गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, सैल नसलेली पण काचणार नाही अशी ब्रा घाला. छाती घट्ट बांधून ठेवायची जुनी पद्धत टाळा. तिने गाठी होतात. दूध आटवायच्या गोळ्या मेडिकलमधून मनाने आणू नका. त्यातल्या काहींचे रक्तदाबावर आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर गंभीर परिणाम नोंदले गेले आहेत.

एका जागी लाल चट्टा, दुखरी गाठ, थंडी वाजून ताप, अंग मोडून येणं, असं झालं तर डॉक्टरांना त्याच किंवा दुसऱ्या दिवशी दाखवा. अशा वेळी त्या बाजूने पाजणं थांबवायचं नसतं. सगळं एकदम बंद केलं आणि दुखणं अंगावर काढलं तर पू होऊन चिरा द्यावा लागतो. ज्यांना मुळातच खूप दूध आहे त्यांनी जवळच्या मोठ्या रुग्णालयात दुग्धपेढी आहे का ते विचारावं. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली आशियातली पहिली दुग्धपेढी सुरू झाली. कमी दिवसांच्या नाजूक बाळांना तिथलं दूध जीवदान देतं.

आणखी एक गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही. बाळ सहा महिन्यांच्या आत असेल, फक्त अंगावर असेल आणि पाळी आली नसेल, या तिन्ही अटी पूर्ण असतील तोवरच अंगावर पाजण्याने गर्भधारणेपासून संरक्षण मिळतं. वरचं दूध सुरू झालं की पाळी आलेली नसली तरी त्या भरवशावर राहू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांशी आधीच बोला. कॉपर-टी, 'अंतरा' इंजेक्शन, 'छाया' गोळ्या हे पर्याय सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात आणि अंगावर पाजत असतानाही चालतात. इस्ट्रोजेन असलेल्या नेहमीच्या गोळ्या मात्र दूध कमी करू शकतात.

शी बदलते, घाबरू नका

वरच्या दुधाने शी घट्ट होते, वास येतो, रंग तपकिरी किंवा हिरवट होतो. हे चालायचंच. खड्यांसारखी कडक शी आणि जोर लावताना रडणं असेल तर आधी माप तपासा. जुलाब, वारंवार उलट्या, शीत रक्त किंवा चिकट आव, अंगावर गांधी, ओठ सुजणं, लघवी कमी होणं, बाळ मलूल दिसणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर; श्वासाला त्रास असेल तर लगेच. गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी काही बाळांना असते आणि फॉर्म्युला बहुतेक वेळा त्याच दुधापासून बनलेला असतो. अशा वेळी स्वतःच्या मनाने सोयाबीनचा डबा आणू नका. ड जीवनसत्त्वाचे थेंब चालू असतील तर वरचं दूध सुरू झालं म्हणून ते बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

रुजू झाल्यावर

शक्य असेल तर बुधवारी किंवा गुरुवारी रुजू व्हा, म्हणजे पहिला आठवडा छोटा मिळतो. त्याआधी दोन-तीन दिवस रंगीत तालीम करा: ठरलेल्या वेळी घराबाहेर पडा, बाळ पाळणाघरात किंवा आजीकडे राहू द्या. फ्रिजवर मोठ्या अक्षरात कागद लावा, त्यावर किती पाण्याला किती चमचे, दुधाच्या वेळा, डॉक्टरांचा नंबर. पर्समध्ये ब्रेस्ट पॅड, एक जादा कुर्ता किंवा ब्लाउज आणि गडद रंगाची ओढणी ठेवा. मीटिंगमध्ये दुसऱ्या कुणाचं बाळ रडल्याचा आवाज आला तरी पान्हा फुटतो.

काही बाळं दिवसा मोजकंच पितात आणि आई आल्यावर रात्रभर वसूल करतात. दिवसाचे ओले लंगोट पुरेसे असतील तर हे ठीक आहे. त्या आठवड्यांत संध्याकाळचा स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी करावा आणि आईने आल्या आल्या हातपाय धुऊन बाळाला घेऊन आडवं व्हावं, ही मागणी घरात स्पष्टपणे करा.

शनिवार-रविवारी दिवसा अंगावर पाजायचं का, असं बऱ्याच जणी विचारतात. पाजा. दूध असेल आणि बाळ मागत असेल तर दोन्ही दिवस बाटली कपाटात राहिली तरी हरकत नाही. सोमवारी छाती थोडी जड वाटेल, तेव्हा दुपारी पाच मिनिटं काढून थोडं दूध काढा. बाटली मात्र आठवड्यातून दोन-तीन दिवस पूर्ण चुकली की काही बाळं पुन्हा नाकारतात. तुमचं बाळ तसं असेल तर रविवारी दुपारचं एक दूध बाबांच्या हातून बाटलीनेच जाऊ द्या.